पुजलेली रास

वेणूला सायकल चालवता येत होती, फक्त थांबवता येत नव्हती. आता याला सायकल येणं म्हणायचं की नाही, यावर कुणी वाद घालू शकेल. पण वेणूशी घालू नये. आपल्याला सायकल येते याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. थांबायचं म्हणाल, तर ते काम रास करत असे.

स्वातंत्र्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरात वेणूचा बाप काशिराम मीठ पिकवायचा. दिवाळी झाली की बायको कृष्णाबाई आणि पोरगी वेणू यांना घेऊन तो गावातून मिठागरावर राहायला यायचा, आणि मिरगापर्यंत तिथल्या खोपटातच त्यांचा संसार मांडलेला असायचा. बंदरावरचा मिठाचा व्यापारी झकेरियाशेठ यांनी नवी सायकल घेतली तेव्हा त्यांची जुनी काशिरामने घेतली. चांगली दणकट, मधे आडवी नळी असलेली पुरुषी सायकल. काशिरामचा तिच्यावर फार जीव. रोज संध्याकाळी तो तिला आंघोळ घालायचा. कशानं? तर खाडीच्या पाण्यानं! गोडं पाणी लांबून हंड्यांनी आणावं लागे, ते काय सायकलीवर ओतायचं? वर्षभर असे लाड झाल्यावर मिठानं ब्रेक पार खाऊन टाकले. काशिरामने ते लोंबणारे गज उपटून खाडीत भिरकावले आणि म्हणाला, "मिठागरान् ब्रेक कशाला व्हवा? हितं ना चढ, ना उतार." त्याला थांबायचं झालं की तो पुढच्या चाकावर पायाचा उघडा तळवा दाबायचा. मिठात राबून त्या तळव्याची पार वहाण झालेली होती. त्याला काही वाटत नसे.

वेणूचा पाय कसला तिथवर पोचतोय! सीटवर बसणं दूरच राहिलं, नळीवरून पाय टाकणंही तिला जमत नव्हतं. ती बांधाजवळच्या दगडावर चढायची, उजवा पाय नळीखालून पलीकडच्या पायडलवर घालायची आणि अंग एका बाजूला कलतं करून अर्धं अर्धं पायडल मारत निघायची. कॅरियर धरून काशिराम मागे धावायचा. "चाकाकडं बघू नको! राशीकडं बघ!" असं ओरडत तो तिला नेमकं मिठाच्या राशीवर सोडून द्यायचा. सायकल भस्सकन मिठात रुतायची, वेणू राशीवर पालथी पडायची, आणि दोघं बापलेक पोट धरून हसायची. मीठ टोचतं, पण हाड मोडत नाही. "पोरीच्या जातीला सायकल शिकवताय, पुढं काय मचवा हाकाया लावनार हाव?" असं कृष्णाबाई खोपटातून म्हणायची; पण बघायला बाहेर यायची.

मग वैशाखात रास पुजली गेली आणि सगळं बदललं.

त्या खाडीकाठी अशी रीत होती: वर्षाचं मीठ एका जागी ओढून झालं की राशीची पूजा करायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या घडीपासून ती रास म्हणजे लक्ष्मी. मीठ न्यायला मचवा येऊन तिच्यातली पहिली पाटी उचलली जाईपर्यंत तिला कुणाचा पाय लागता कामा नये. हे वेणूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पूजेच्या दुसऱ्याच दिवशी, बाप कामात आहे असं बघून, तिने सायकल काढली. बांधाच्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि मग तिला आठवलं की आपल्याला थांबायला एकच जागा माहीत आहे. तोवर उशीर झाला होता. सायकल पुजलेल्या राशीत घुसली आणि वेणूचा पाय गुडघ्याएवढा मिठात गेला. कुंकू सांडलं, माळ तुटली.

काशिरामने तोवर पोरीला कधी बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी त्याने तिच्या थोबाडीत मारली. शेजारच्या खोपटातली म्हातारी हौसा हे सगळं बघत उभी होती. ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "राशीला पाय लागला. आता खाडी मानूस मागंल."

"गप ऱ्हा गो म्हातारे!" काशिराम तिच्यावर खेकसला. पण राशीवरचं मीठ सारखं करताना तो दर ओंजळीला खाडीकडे बघत होता, आणि ते वेणूने पाहिलं. थोबाडीत बसली त्यापेक्षा तिला ते जास्त लागलं. मोठी माणसं घाबरली की लहानांनी बघायचं तरी कुणाकडे?

सायकल खोपटाच्या कुडाला टेकवून ठेवली गेली. "हात लावशील तं बघ," एवढं बाप बोलला. त्यानंतर वेणू त्याच्याशी बोलली नाही. तोही बोलला नाही. रात्री पडल्या पडल्या ती खाडीचा आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, मागितलं तर कुणाला मागेल? आईला? बाबाला? का मलाच? आपल्याला मागितलं तर एकवेळ बरं, असंही तिला वाटून गेलं.

वैशाखी पौर्णिमेला जासईत लग्न होतं. आदल्या दिवशीच मिठागरावरची सगळी माणसं, हौसा म्हातारीसकट, होडीत बसून गेली. काशिराम बायको-पोरीसह मागे राहिला. पुनवेचं उधाण येणार आणि उघाडीचं दार नीट बसत नव्हतं. बांधातलं हे लाकडी दार वर उचललं की खाडी मिठागरात शिरते, खाली सोडलं की बाहेर राहते. दाराखाली गाळ अडकून फट राहिली होती. त्या फटीतून उधाण आत आलं असतं तर रास बुडापासून विरघळली असती. म्हणून पुनवेच्या दिवशी तांबडं फुटता फुटता, ओहोटीला, नवराबायको उघाडीवर गेली. काशिरामने दोर ओढून दार वर उचललं, दोर खुंटीला बांधला आणि फावडं घेऊन खाली उतरला.

दोरही मिठागरातलाच. जे ब्रेकचं झालं तेच त्याचं झालं होतं. पण दोराकडे कुणी बघितलं नव्हतं.

वेणू चूल पेटवत होती, तेवढ्यात आईची किंकाळी आली. ती धावत उघाडीवर गेली आणि वरून तिने खाली बघितलं. बाप खाली चिखलात बसल्यासारखा होता. दोर तुटून सागवानी दार तिरकं होऊन त्याच्या नडगीवर पडलं होतं, आणि खालच्या दगडी उंबऱ्यात पाय चेचून अडकला होता. आईने दाराखाली पहार घातली होती आणि पहारीच्या दुसऱ्या टोकाला ती सगळा देह टाकून लोंबकळत होती. तिने जरा अंग सैल केलं की दार खाली बसायचं आणि काशिराम गुरासारखा ओरडायचा. म्हणून ती जागची हलू शकत नव्हती. भरती सुरू झाली होती. बापाच्या कमरेला पाणी लागलं होतं.

वेणू खाली उतरली आणि आईच्या जोडीला पहारीवर लोंबकळली. काही झालं नाही. तिचं वजन ते काय!

"आगं, तुज्यानं नाय व्हायचा," काशिराम दात आवळून म्हणाला. "बंदरावर जा. दयारामला सांग, चार गडी नि पहारी घिऊन ये म्हनावं."

दयाराम म्हणजे झकेरियाशेठच्या मचव्यावर मीठ भरणाऱ्या टोळीचा मुकादम. वेणू वळली तशी काशिरामने मान वर करून उघाडीच्या दगडांकडे बघितलं. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर त्या दगडांवर हिरवं शेवाळ धरलं होतं, आणि ती हिरवी रेघ बसलेल्या काशिरामच्या डोक्याच्या पार वर होती. वेणूनेही तिकडे बघितलं.

"चालत गेलीस तं पानी हितं येल," बाप म्हणाला आणि त्याने हात गळ्याला लावला. "सायकल घे."

"आवो, तिला थांबता येत नाय!" कृष्णाबाई पहारीवरूनच ओरडली.

"थांबायचा मंग बघू! जा!"

वेणू बांध चढून गेली. बाबा, हे माझ्या पायानं झालं, असं तिला सांगायचं होतं, पण तेवढा वेळ नव्हता. मागून हाक आली, "वेणू!" इतक्या दिवसांनी त्याने तिला नावानं हाक मारली होती. तिने वळून बघितलं.

"चाकाकडं बघू नको," बाप म्हणाला.

ती खोपटाकडे पळाली, सायकल ओढत दगडाशी नेली आणि चढली. आज मागे कॅरियर धरायला कुणी नव्हतं. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पडते पडते असं झालं आणि सावरली. बांध जेमतेम दोन माणसं जातील एवढा रुंद. एका बाजूला मीठ पिकवायच्या उथळ कोंड्या, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि खाडीचं पाणी डोळ्यांदेखत तिवरांच्या मुळांत शिरत होतं. पडलो तर पुन्हा चढायला दगड पाहिजे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बांधावर दगड नव्हता. म्हणजे पडायचं नाही. थांबायचं तर नाहीच नाही. गंजलेली साखळी कुईकुई करत होती आणि वेणूच्या तोंडून एकच चाललं होतं, "नको घेऊ, नको घेऊ, नको घेऊ." हे ती खाडीला सांगत होती.

राशीजवळून जाताना तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

बांध संपून गाडीवाट लागते, तिथे जनीआत्या भेटली. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ती बाजाराला निघाली होती. वेणूला वाटलं, देवच भेटला.

"जनीआत्ये! बाबा उघाडीन् अडकलाय! पाय दाराखाली! पानी चढतंय!"

"काय झाला? आगं थांब, नीट सांग!"

"थांबता येत नाय!" वेणू ओरडली, आणि तोवर ती पुढे निघूनही गेली होती. मागे काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. वळून बघायची सोय नव्हती. जनीआत्याला कळलं का, ती गेली का नुसतीच उभी राहिली, यातलं काहीच तिला समजलं नाही आणि तिला रडू फुटलं. डोळ्यांत पाणी आलं की रस्ता दिसत नाही आणि पुसायला हात सोडता येत नाही. मग तिने रडणं पुढे ढकललं. पोर लहान होती, पण अडाणी नव्हती.

पुढे पेंढ्यानं भरलेली बैलगाडी रस्ताभर पसरून चालली होती. सायकलीची घंटा ब्रेकच्याही आधी मुकी झालेली. वेणू बोंबलत सुटली, "बाजूला! बाजूला!" गाडीवान पेंढ्याच्या पलीकडे, त्याला काय ऐकू जाणार! गाडीचं चाक आणि रस्त्याकडेचा चर यांच्यामध्ये वीतभर जागा होती. त्या जागेकडे बघायचं, चाकाकडे बघायचं नाही. तिने श्वास रोखला. गाडीच्या आसाचं टोक तिच्या दंडाला घासून गेलं, कातडं सोललं, पेंढा तोंडावर आला, आणि ती पलीकडे निघाली. गाडीवानाने मागून ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

घरं लागली. पनवेल आलं. आता बंदराचा रस्ता, आणि त्या रस्त्याला उतार.

या उतारावरून वेणू कितीदा बापाचं बोट धरून चालली होती. पण तो उतार आहे हे तिला आज पहिल्यांदा कळलं. पायडल एकदम हलकं झालं. मारलं काय आणि न मारलं काय, सायकल आपली आपण पळू लागली. वारा कानांत घुसला. मिठागराच्या सपाट बांधावर सायकल इतकी धावते हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. बाप तळवा चाकावर कसा दाबतो ते आठवून तिने डावा पाय पुढे नेऊन पाहिला, तशी सायकल अशी लचकली की तिने तो घाईघाईनं परत पायडलवर आणला. लोक ओट्यांवरून ओरडत होते. एक कुत्रं भुंकत मागे लागलं आणि दमून थांबलं.

उताराच्या शेवटी बंदर. समोर सरळ गेलं तर धक्का, आणि धक्क्याच्या पुढे खाडी, भरतीनं फुगलेली. धक्क्याला झकेरियाशेठचा मचवा लागलेला. डाव्या हाताला, एखाद्या घराएवढी उंच, मिठाची रास.

त्या राशीवर झेंडूची माळ होती. कुंकू होतं. फोडलेल्या नारळाची भकलं समोर ठेवलेली होती, आणि दयाराम व त्याची माणसं हात जोडून उभी होती. रास नुकतीच पुजली होती आणि पहिली पाटी अजून उचलायची होती.

वेणूला आपली रास आठवली. एकदा पाय लागला तर खाडीनं बाबाला धरलं. आता दुसऱ्यांदा लागला तर ती त्याला सोडेल का? समोर पाणी होतं. पाण्यात गेलं तर राशीला काही होणार नाही. खाडीला माणूस पाहिजे ना, मग घे. क्षणभर तिने सायकल पाण्याच्या रोखानं तशीच जाऊ दिली. अगदी खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी भीतीही वाटली नाही. पण मग दयारामला सांगणार कोण? बाबा तिथे बसलाय, आई पहारीला लोंबकळतेय, हे या बंदरावर तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तिने सायकल राशीकडे वळवली.

आणि वळवता वळवता तिने उजवा पाय नळीखालून बाहेर काढून घेतला. डाव्या पायडलवर ती एका पायावर उभी राहिली. सायकलवरून उतरताना माणसं हेच करतात, हे तिला पुढे कधीतरी कळलं. त्या वेळी तिच्या डोक्यात एकच होतं, काहीही लागू दे, पाय लागता कामा नये. चाक राशीत घुसलं. वेणू पुढे फेकली गेली, हात कोपरापर्यंत मिठात गेले, कपाळ खडेमिठावर दाणकन आपटलं. आणि दोन्ही पाय तिने गुडघ्यात मुडपून वर, हवेत धरले.

"पाय नाय लागला!" ती त्याच अवस्थेत किंचाळली. "पाय नाय लागला! पाय नाय लागला!"

"कुनाची कार्टी ही!" दयाराम हात उगारून धावला. माळ तुटून पडली होती, कुंकू उधळलं होतं, माणसं हबकून मागे सरली होती.

"रुको, दयाराम!" झकेरियाशेठ पेढीच्या पायरीवरून उठून आले. ती सायकल त्यांनी ओळखली. त्यांनी पोरीला काखेत धरून मिठातून उचललं, तरी तिने पाय वर धरलेलेच. "बेटी, काशिरामची ना तू? दम घे. बोल."

तिने सांगितलं. रडत, मीठ थुंकत, उलटसुलट सांगितलं. पण उघाडी, दार आणि पाणी एवढे शब्द त्या माणसांना पुरे होते. खाडीकाठच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. दयारामचा उगारलेला हात खाली आला.

"होडी सोडा!" तो ओरडला. "पहारी घ्या! जगन, दोर घे, नवा घे!"

"मचवा थांबू दे," झकेरियाशेठ म्हणाले. "माल काय, उद्या जाईल. या अल्ला, लवकर करा!"

वेणूला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती होडीत चढली आणि तिला उतरवण्यात कुणी वेळ घालवला नाही. मिठागर खाडीच्या आतल्या अंगाला. भरतीचं पाणी तिकडेच धावत होतं आणि होडीला ढकलत नेत होतं. म्हणजे होडी जितक्या वेगानं चालली होती, तितक्याच वेगानं पाणी बापाच्या अंगावर चढत होतं. वेणू पुढे बसून ते पाणी बघत होती. कपाळ फुटलं होतं, जखमेत मीठ भरलं होतं, आग आग होत होती. तिला त्याचं काही नव्हतं. तिला एकच विचारायचं होतं.

"दयारामकाका, डोस्का लागला तं चालतो का?"

"काय?"

"राशीला. पाय नाय, डोस्का. चालतो ना?"

दयाराम वल्हं मारत होता. त्याने तिच्याकडे एकवार बघितलं. "ओढा रे!" तो माणसांवर ओरडला. म्हणजे चालत नसणार, असं वेणूने धरलं.

वळण आलं, तिवरं मागे पडली आणि उघाडी दिसली. दार दिसत नव्हतं. ते बुडालं होतं. पाण्याच्या वर आईचं डोकं आणि खांदे दिसत होते. ती अजून पहारीवर होती. तिच्याजवळ आणखी कुणी बाई गळ्याइतक्या पाण्यात उभी होती. जनीआत्या! मासळीची पाटी वाटेवर टाकून ती धावत आली होती. तिच्या दोन्ही हातांत काशिरामचं डोकं होतं. हनुवटी वर करून तिने ते धरलं होतं. त्याचे कान बुडाले होते, तोंड आभाळाकडे होतं, आणि लाट आली की तेही बुडायचं.

"बाबा!" वेणू ओरडली. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

होडी टेकायच्या आधीच गड्यांनी उड्या टाकल्या. पाण्याखाली दार चाचपून दोर अडकवला. दयाराम म्हणाला, "हा, उचला!" दार हललं आणि पुन्हा बसलं. काशिरामचं तोंड पाण्याखाली गेलं. जनी ओरडली. कृष्णाबाईने पहारीवर आणखी भार टाकला. "पुन्यांदा! पहार आत घाल, आजून आत! हा!" दार करकरलं, वर आलं, एका बाजूनं वर आलं, आणि जगनने पाण्यात बुडी मारून पाय ओढला. काशिराम मोकळा झाला. त्याला वर काढलं तेव्हा तो निळा पडला होता. दयारामने त्याला पालथा करून पाठीवर थापा मारल्या. खूप वेळ काहीच झालं नाही. मग तो खोकला, भळभळा खारं पाणी ओकला आणि कण्हायला लागला. ते कण्हणं ऐकून कृष्णाबाईने पहार सोडली. तिची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

त्याच होडीतून त्याला पनवेलला डॉक्टरकडे न्यायला निघाले. आता पाणी उलटं होतं, गडी जोर करत होते. काशिरामचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. पायाकडे कुणाला बघवत नव्हतं. मोडला होता हे उघडच होतं. पाय वाचेल की नाही हे डॉक्टर सांगणार होते. वेणू त्याच्यापासून जरा लांब, अंग चोरून बसली होती.

बऱ्याच वेळानं त्याने डोळे उघडले. तिच्या कपाळाकडे बघितलं. रक्त वाळलं होतं आणि त्यात मीठ चमकत होतं.

"थांबलीस कशी?" त्याने विचारलं.

मग मात्र वेणूचा बांध फुटला. "झकेरियाशेठच्या राशीन्," ती हुंदके देत म्हणाली. "पुजलेली व्हती बाबा. पन मी पाय नाय लावला. वर धरलेले. दयारामकाकाला विचारा. नुसता डोस्का लागला."

दयारामने वल्हं थांबवलं. काशिरामने महत्प्रयासानं हात उचलला, तिच्या कपाळावरचा मिठाचा एक खडा बोटावर घेतला आणि आपल्या कपाळाला लावला.

"डोस्का लागला म्हंजे पाया पडलीस गो," तो म्हणाला. "ते येगला."

"पन आदी लागला व्हता ना. आपल्या राशीला. म्हनून तं खाडीनं..."

"तो पाय तुजा नाय." काशिरामला बोलताना धाप लागत होती, तरी तो थांबेना. "तुला जायाला शिकवली मी. थांबायला शिकवली नाय. नि मारली तुला. तो पाय माजा व्हता, वेणू. खाडीला बरोबर ठावं व्हता, कुनाचा धरायचा ते."

एवढं बोलून त्याने डोळे मिटले. वेणू सरकत सरकत त्याच्याजवळ गेली आणि सकाळपासून पुढे ढकललेलं सगळं रडू तिने त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडून घेतलं. दयारामने पुन्हा वल्हं हातात घेतलं.